पुसलेला ओघळ : कार्यालय झालेल्या जुन्या शाळेच्या छायाचित्रणाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शंभरी ओलांडलेली एक दगडी शाळा. पटसंख्या घटत गेली, शाळा बंद पडली, इमारत काही वर्षं कुलूपबंद राहिली. मग मालक संस्थेने ती पाडण्याऐवजी तिची कार्यालयं केली. आज तिथे तीन कंपन्या बसतात. काम पुरं झाल्यावर फोटो काढायला मला बोलावलं गेलं. इमारत आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

कार्यालय झालं तरी इमारतीची हाडं शाळेचीच राहतात, आणि फोटो काढताना हीच हाडं आधी भेटतात. वर्गांच्या खिडक्या उंच आणि बहुतेक एकाच भिंतीला असतात. विजेचे दिवे येण्याआधी शाळा बांधणारे उजेड मुलांच्या डाव्या बाजूने येईल असं पाहत, म्हणजे उजव्या हाताची सावली वहीवर पडत नसे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हा जवळपास नियमच झाला होता. फळ्यापाशी, गुरुजींच्या जागी ट्रायपॉड लावला की हाच उजेड कॅमेऱ्याच्या उजवीकडून येतो. खोली मोकळी असो की टेबलांनी भरलेली, हा उजेड बदलत नाही. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या, आणि कठड्याच्या बाजूला जरा जास्तच.

नवं कामही विचारपूर्वक केलेलं होतं. काचेच्या भिंती जुन्या गिलाव्याला न टेकवता थोडं अंतर सोडून उभ्या केल्या होत्या. फॉल्स सीलिंग खिडकीच्या भिंतीआधीच थांबवलं होतं, त्यामुळे खिडक्यांच्या कमानी अख्ख्या दिसत होत्या. केबल नेण्यासाठी जमीन १५ सेंटीमीटर उचललेली होती. हा शेवटचा तपशील तेव्हा मला बिनमहत्त्वाचा वाटला होता.

अडचण

मला आलेली विनंती एका ओळीची होती : ‘इमारतीचे चांगले फोटो हवेत.’ मी हो म्हणून टाकलं. या प्रकरणातली पहिली चूक हीच, आणि पुढच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघाल्या.

कारण ‘चांगले’ हा शब्द तीन जणांचा होता. इमारत सांभाळणाऱ्या व्यवस्थापक बाईंना वेबसाइटसाठी आणि उरलेला मजला भाड्याने देण्यासाठी फोटो हवे होते. त्यांचं म्हणणं, “जुनेपण दिसू दे, जुनाटपणा नको.” संवर्धन वास्तुविशारदाला नोंद हवी होती : जुनं कुठे संपतं, नवं कुठे सुरू होतं, आणि आज दगडाची अवस्था काय आहे. माजी विद्यार्थ्यांना एक लहानसा अल्बम हवा होता, ज्यात आपला वर्ग ओळखता यावा. तिघांना वाटत होतं की एकाच कामात सगळं होऊन जाईल. मलाही तसंच वाटत होतं.

त्यात जागेच्या अडचणी होत्या. दर्शनी बाजू ३६ मीटर रुंद आणि १४ मीटर उंच, समोरची इमारत २० मीटरवर. दर्शनी बाजू उत्तरेला. उत्तर गोलार्धात सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत अशा भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. जूनच्या आसपास मात्र सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन दगडाचा पोत उठवतं. आम्हाला तारीख मिळाली होती नोव्हेंबरची.

आत तीन कंपन्या, म्हणजे पडद्यांवर उघडं काम, भिंतींवर आकडे आणि गळ्यात ओळखपत्रं.

दर्शनी बाजू : कोणते पर्याय होते

जूनपर्यंत थांबणं हा खरं तर सर्वात चांगला पर्याय होता. पण व्यवस्थापक बाईंना मजला भाड्याने द्यायचा होता, त्या थांबणार नव्हत्या. उरले दोन : ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरची निळी वेळ.

सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंशांवर असताना आकाश गडद निळं होतं आणि खिडक्यांतले दिवे त्याच्या तोडीस तोड उजळतात. विषुववृत्ताजवळ हा खेळ पाव तासात आटोपतो, उत्तरेकडे जावं तसा लांबत जातो. अशा फोटोत इमारत जिवंत वाटते. सगळे दिवे लागलेले असल्याने ‘इथे आता काम चालतं’ हेही न सांगता कळतं. पण दगड जवळजवळ काळा पडतो, सांधे दिसत नाहीत, डाग दिसत नाहीत.

ढगाळ उजेडात उलटं होतं. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या असेच टिपले : झाकोळलेलं आकाश, सपाट उजेड, आणि कॅमेरा जमिनीवरून न लावता शक्यतो उंचावर. असा उजेड काहीच नाट्यमय करत नाही, आणि म्हणूनच काही लपवतही नाही.

दोन्ही घ्यायचं ठरलं. ते बरोबरच होतं. चुकलं एवढंच की कुठला फोटो कोणासाठी, हे कुठेही लिहून ठेवलं नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा यावर जास्त वेळ गेला. रस्त्यावरून कॅमेरा वर रोखला की इमारतीच्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. कॅमेरा ओळंब्यात सरळ ठेवला तर कडा उभ्या राहतात, पण फ्रेमचा अर्धा भाग रस्ता खातो. शिफ्ट लेन्सचा जन्मच यासाठी झाला. तिच्यात कॅमेरा सरळ ठेवून भिंग तेवढं वर सरकवता येतं. ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स निकॉनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली.

माझ्याकडे २४ मिमीची शिफ्ट लेन्स होती. हिशोब साधा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद, लेन्स २४ मिमी, अंतर २० मीटर, तर फ्रेममध्ये मावते ३० मीटर रुंदी. इमारत ३६ मीटर. मावत नाही. मग समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मागून घेतली. तिथे कॅमेरा जमिनीपासून ७ मीटरवर येत होता, म्हणजे शाळेच्या बरोबर अर्ध्या उंचीवर. तिथून भिंग वर सरकवण्याची गरजच उरत नाही. ते आडवं सरकवता येतं. ८ मिमी डावीकडे, ८ मिमी उजवीकडे, असे दोन फोटो घेऊन जोडले की ५२ मिमीच्या सेन्सरचं काम होतं. रुंदी ४३ मीटर, उंची २० मीटर. इमारत बसली, वर आकाशाला आणि खाली फुटपाथला जागा राहिली.

इथे एक सांगून ठेवतो, कारण याबद्दल बराच गैरसमज आहे. दोन फोटो जोडल्याने कडेचा ताण कमी होत नाही. तेवढ्याच अंतरावरून तेवढंच दृश्य घेणारी १७ मिमीची लेन्स जेवढं ताणेल, तेवढंच हेही ताणणार. सपाट भिंतीला त्याने काही होत नाही, पण पुढे आलेले गोल खांब कडेला जाडजूड दिसतात. जोडण्याचा फायदा म्हणजे बारीक तपशील जास्त मिळतो. हा तपशील पुढे फार कामी आला, पण वेगळ्याच कारणाने.

आतल्या खोल्या

पहिला दिवस वाया गेला, असं म्हटलं तरी चालेल. व्यवस्थापक बाईंच्या सांगण्यावरून आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. खुर्च्या बाहेर, पडदे बंद, टेबलांवर काही नाही. फोटो देखणे आले, पण ना शाळेचे वाटत होते ना कार्यालयाचे. कुठल्याशा संग्रहालयात पाहुणे यायच्या आधीचे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी काम चालू असतानाच फोटो घ्यायचे ठरले. कंपन्यांशी बोलणं झालं : पडद्यांवर कोरी पानं, ओळखपत्रं खिशात, आणि ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांनी त्या अर्ध्या तासात दुसरीकडे बसायचं. जे आले त्यांची लेखी परवानगी घेतली. शटर अर्ध्या सेकंदाचं ठेवलं, म्हणजे बसलेली माणसं स्पष्ट येतात आणि चालणारी पुसट होतात. पुसट माणूस ओळखू येत नाही, पण खोलीत वावर आहे हे कळतं.

उजेडाचा प्रश्न तसा नेहमीचाच. खिडकीतलं आकाश आणि आतल्या कोपऱ्यातलं टेबल यांत मला सात स्टॉपचा फरक मिळाला, म्हणजे १२८ पट. पाच वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते हाताने एकत्र केले. आपोआप जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने दगडी चौकटींभोवती राखाडी वलयं येत होती. रंगाचं दुखणं जास्त होतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तसा उजेड निळसर. खिडकीचा उजेड सुमारे ६००० केल्विन, छताचे एलईडी ४००० केल्विन. दोन्ही एकत्र आले की जुना चुन्याचा गिलावा एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळट दिसतो. व्यवस्थापक बाईंच्या फोटोंत दिवे चालू ठेवले, नोंदीच्या फोटोंत बंद. ही एक विभागणी मी केली होती, पण तीही फक्त डोक्यात.

एका बैठकीच्या खोलीत भिंतीतला जुना फळा अजून होता. सिमेंटचा, काळा रंगवलेला, खाली खडूसाठी लाकडी पट्टी. त्यावर चार स्क्रूंनी लिहिण्याची काच बसवलेली होती. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, काच काढू, फळा छान येईल. वास्तुविशारद हळूच म्हणाले, “काढली तर ही खोली कधी अशी होती असं पुढच्या माणसाला वाटेल. ती तशी कधीच नव्हती.” काच राहिली. काचेमागे फळा, त्याच्या कडेने बाहेर आलेली खडूची पट्टी आणि पट्टीवर ठेवलेला मार्कर. तिघांनीही हाच फोटो पहिला निवडला. काचेवरचा मजकूर आम्ही पुसून घेतला होता, तरी मोठं करून पाहिल्यावर आधीच्या बैठकीतले आकडे पुसटसे वाचता येत होते. ते नंतर फोटोत धूसर करावे लागले.

माजी विद्यार्थ्यांपैकी एक आजी दुपारी आल्या. त्यांच्या वर्गात आता हिशोब विभाग बसतो. मी छत, कमानी, काचेची भिंत सगळं एका फ्रेममध्ये बसवत होतो. त्या जरा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू उभ्याने काढतोयस रे. आम्ही बसायचो. बस की खाली.”

कॅमेरा बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. तरी त्यांचं समाधान होईना. “इथून झाडाचा शेंडा दिसायचा नाही. नुसतं आभाळ दिसायचं.” तेव्हा ती १५ सेंटीमीटर उचललेली जमीन आठवली. कॅमेरा आणखी १५ सेंटीमीटर खाली घेतला. शेंडा गेला, खिडकीत आभाळ उरलं. त्या शाळेतल्या खिडक्यांचा तळ मुलांच्या डोळ्यांच्या वर का ठेवला होता, हे मला एखाद्या आराखड्यापेक्षा त्या एका फोटोने जास्त नीट सांगितलं.

संपादन : जिथे चूक झाली

तीन आठवड्यांनी ४२ फोटोंचा एक संच तयार झाला. एकच संच, एकच फोल्डर, ०१ ते ४२. तोच तिघांना पाठवला.

दर्शनी बाजूच्या ढगाळ फोटोत, डाव्या टोकाच्या कंगोऱ्याखालून एक काळी केबल लोंबत होती. व्यवस्थापक बाईंनी ती काढायला सांगितली. केबल तात्पुरती होती, महिन्याभरात निघणार होती, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या दगडाचा तुकडा घेऊन तिच्यावर लावला, दहा मिनिटांचं काम. केबलच्या मागे, तिच्याच रेषेत, दगडावर एक तपकिरी ओघळ होता. केबलसोबत तोही गेला. मी तो पाहिला होता का? पाहिला होता. केबलचा डाग समजून पुसला.

इमारतींच्या नोंदीचे फोटो आणि त्यांच्यावरची हातसफाई यांचं नातं फोटोग्राफीच्या बाल्यापासूनचं आहे. १८५१ साली फ्रान्समध्ये ऐतिहासिक स्मारकं पाहणाऱ्या सरकारी आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं. त्यांतल्या एदुआर बाल्द्यू याने आर्ल इथल्या मठाच्या ओवऱ्यांचं चित्र सुमारे १० निगेटिव्ह जोडून बनवलं, आणि सांधे हाताने रंगवून बुजवले. त्या काळच्या साधनांनी ते दृश्य एका निगेटिव्हमध्ये मावलंच नसतं. मीही दोन फोटो जोडलेच होते. जोडण्यात खोट नव्हती. मी भिंतीवर जे होतं ते काढून टाकलं, ही गोष्ट वेगळी.

वर्षभरानंतर

फोटो काढल्यानंतर चार महिन्यांनी छताच्या पन्हळींची दुरुस्ती झाली. एका कंत्राटदाराने जुन्या पन्हळी काढून नव्या बसवल्या. पुढे नऊ महिन्यांनी वास्तुविशारदाने नेहमीची पाहणी केली, तेव्हा डाव्या टोकाला कंगोऱ्याखाली ओलीचा ओघळ दिसला. त्यांनी आधीच्या अवस्थेची नोंद उघडली. त्या नोंदीत माझा फोटो क्रमांक ०३ लावलेला होता. फोटोत दगड स्वच्छ होता.

निष्कर्ष सरळ होता : ओघळ नवा आहे, पन्हळीच्या कामानंतरचा आहे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता थांबवला गेला. तो सांगत होता की डाग आधीपासून होता. पण त्याच्याकडे फोटो नव्हता, आणि समोरच्यांकडे होता.

शेवटी वास्तुविशारदाने मला फोन केला. तक्रार करायला नव्हे, जास्त बारकाईने पाहायला. “मूळ फाइल आहे का? मोठी करून बघायचीय.” मी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली संपादनाआधीची मूळ फाइल, उघडली. केबल होती. केबलच्या मागे ओघळ होता.

इथे माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि पहिला मोहात पाडणारा होता. फोटो भाड्याच्या जाहिरातीसाठी संपादित केला होता, तो नोंदीत लावायचा निर्णय माझा नव्हता, असं म्हणता आलं असतं. ते शब्दशः खरंही होतं. पण संच मीच सर्वांना एकच पाठवला होता, त्यावर कुठे ‘संपादित’ असं लिहिलं नव्हतं, आणि नोंदीसाठी फोटो हवेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिवाय तिकडे एका माणसाचे पैसे अडकले होते.

त्याच संध्याकाळी मी दोन्ही फाइल्स शेजारी ठेवून पाठवल्या, ओघळाभोवती वर्तुळ काढून, आणि काय पुसलं ते दोन वाक्यांत लिहून. तारखेची खात्री व्हावी म्हणून फाइलमधली वेळ दाखवली. कॅमेऱ्याचं घड्याळ एका तासाने चुकलेलं निघालं, त्यावरही प्रश्न आला. तेव्हा इमारतीच्या फाटकावरच्या नोंदवहीतली माझी त्या दिवशीची सही कामाला आली.

निष्पत्ती

कंत्राटदाराचा हप्ता दोन आठवड्यांत सुटला. जुन्या नोंदीला दुरुस्तीचं पान जोडलं गेलं आणि फोटो ०३च्या जागी असंपादित फोटो लागला. ओलीचं कारण शोधताना कंगोऱ्याच्या दगडांमधला एक जुना उघडा सांधा सापडला. तो पन्हळीच्या कामाच्या कितीतरी आधीचा होता. म्हणजे माझा फोटो जसा होता तसा गेला असता, तर हा सांधा वर्षभर आधी सापडला असता. तेवढं एक वर्ष पाणी आत मुरत राहिलं.

व्यवस्थापक बाई आधी चिडल्या, कारण बैठकीत कोणीतरी वेबसाइटवरच्या फोटोला ‘खोटा’ म्हटलं. त्यांची बाजू मला पटते. जाहिरातीतून लोंबती केबल काढणं यात गैर काही नाही. गैर होतं ते एका कामाचा फोटो दुसऱ्या कामाच्या कपाटात जाऊ देणं. वेबसाइटवर तो फोटो आजही तसाच आहे, खाली बारीक अक्षरांत ‘संपादित’ असं लिहून.

बाकीच्या ४१ फोटोंची मी एकेक करून तपासणी केली. आणखी सात ठिकाणी काही ना काही पुसलेलं निघालं. पाच निरुपद्रवी : पाण्याची बाटली, दारावरचा कागद, असं काही. एक होता जिन्यातल्या गिलाव्याचा पोपडा. आणि एका खोलीत मी जुन्या आणि नव्या प्लास्टरमधली रेष मऊ केली होती, ती डोळ्याला खुपत होती म्हणून. याची मला ओघळापेक्षा जास्त लाज वाटते. जतनाच्या कामात ती रेष मुद्दाम ठेवतात. १९६४च्या व्हेनिस सनदेतही, म्हणजे वास्तू-जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या दस्तऐवजातही, म्हटलं आहे की नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं. गवंड्याने कष्टाने राखलेला फरक मी माउसने घालवला होता.

पुन्हा करायचं तर

पहिल्या फोनवरच विचारीन : हा फोटो दहा वर्षांनी कोण उघडेल आणि काय शोधायला? व्यवस्थापक, वास्तुविशारद आणि त्या आजी यांची उत्तरं इतकी वेगळी आली असती की एकाच संचाचा विचारच मनात आला नसता.

नोंदीचे फोटो आता मी वेगळ्या दिवशी काढतो. एका दिवसात दोन्ही करायला गेलं की दुपारपर्यंत जाहिरातीचा डोळा नोंदीच्या डोळ्यावर बसतो, हे मी स्वतःपुरतं मान्य केलं आहे. नोंदीच्या संचात उजेड आणि रंगाची दुरुस्ती, कडा सरळ करणं, फोटो जोडणं एवढंच. काढून टाकणं नाही. फाइलच्या नावातच ‘नोंद’ किंवा ‘संपादित’ येतं, आणि रॉ फाइल्सची एक प्रत इमारतीच्या मालकाकडे राहते. छायाचित्रकार बदलतात, हार्ड डिस्क बिघडतात, इमारत तिथेच असते.

अमेरिकेत १९३३ साली ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या अनेक फोटोंत इमारतीला टेकवून ठेवलेली मापाची पट्टी दिसते. पूर्वी मला ती पट्टी चित्राचा विचका करणारी वाटायची. आता दर्शनी बाजूच्या एका फोटोत मीही ती लावतो. तिच्यामुळे एक फायदा असा की तो फोटो चुकूनही कोणी जाहिरातीत वापरत नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलणार नाही : काचेमागचा फळा. आणि एका गोष्टीबद्दल अजून मन ठरलेलं नाही. रिकाम्या खोल्यांचे पहिल्या दिवशीचे फोटो मी टाकून दिले होते. आता वाटतं, नोंदीला तेच जास्त उपयोगी पडले असते. माणसं आणि टेबलं यांच्या मागे भिंतीचा निम्मा भाग झाकला जातो, आणि पुढचा ओघळ कुठल्या टेबलामागे उतरेल हे कोणी सांगावं.

सांधा आता बुजवला आहे. ओघळ फिका झालाय, पण गेलेला नाही. तो वाळतोय की पसरतोय हे पाहायला दर वर्षी त्याच खिडकीतून, त्याच लेन्सने फोटो घ्यायचा असं ठरलं आहे. त्यासाठी पहिल्या वेळी समोरच्या कार्यालयाच्या जमिनीवर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या खुणा केल्या होत्या. त्यांनी मध्यंतरी तिथे कार्पेट घातलं. नशिबाने खिडकीच्या चौकटीपासूनची अंतरं वहीत लिहून ठेवली होती : डावा पाय ४१ सेंटीमीटर, उजवा ३८, मागचा १०२. पुढच्या खेपेला ट्रायपॉड त्याच आकड्यांवर लागेल.